छपरावरच्या टपालवाल्याचा वारस

त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला तिचे फक्त बूट दिसले.

बाकीची ती मशीनच्या पोटात होती. खेळाचं जुनं मशीन, कपाटाएवढं उंच, मागचं दार सताड उघडं, आणि त्या दारातून बाहेर आलेले दोन बूट. एकाची नाडी लाल, दुसऱ्याची काळी. तो छातीशी भलामोठा खोका धरून घाईघाईने येत होता आणि खोक्यापलीकडचं जग त्याला दिसत नव्हतं. अडखळला. खोका वाचवला, स्वतःला वाचवायचं राहून गेलं. गुडघ्यांवर आपटला तो थेट त्या बुटांपुढेच, जणू पाया पडायलाच आला होता.

"आशीर्वाद पाहिजे की पाना?" मशीनच्या आतून आवाज आला.

"माफ करा हं ताई, मला दिसलंच नाही —"

बूट हलायचे थांबले.

"ताई? घरी बहीण नाही वाटतं, म्हणून दिसेल तिला करत सुटलात?"

"आहे ना. एक आहे. भलतीच खमकी आहे."

"मग तेवढ्या एकीवर भागवा."

आणि तिने डोकं बाहेर काढलं. केसांत स्क्रूड्रायव्हर खोचलेला, गालावर काळ्या धुळीचा पट्टा, डोळे असे की समोरच्याने खिशात काय लपवलंय तेही दिसावं. नेमके त्याच क्षणी त्या हॉलमधले सगळे दिवे एकदम लागले. आता कुणी म्हणेल, वीजवाल्याने तेव्हाच मेन स्विच वर केला. म्हणोत बापडे.

त्या हॉलमध्ये त्या दिवशी एक गमतीचं प्रदर्शन होतं. एका रांगेत जुने खेळ उभे होते, म्हणजे आपल्या आईबापांनी शाळा बुडवून खेळलेले. 'चांदणीमार', 'विटांचा पाऊस', असे. आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याचा वारस, म्हणजे त्या जुन्या खेळावर जीव जडलेल्या कुणीतरी नव्याने रचलेला खेळ. लोकांनी आधी बाप खेळायचा, मग लेक. संध्याकाळी जुन्या खेळाचा कर्ता स्वतः येणार, दोन्ही खेळून बघणार आणि सांगणार, हा माझा वारस आहे की नाही. हो म्हणाला, तर जुन्याचं नाव नव्याला मिळणार आणि तो खेळ घरोघरी पोचणार. नाही म्हणाला, तर खोका उचला आणि चालू लागा.

आपल्या या गड्याला सगळे ठिपक्या म्हणत, कारण पडद्यावरची चित्रं तो एकेक ठिपका मांडून काढायचा. त्याचा जीव जडला होता 'छपरावरचा टपालवाला' या खेळावर. साधा खेळ. एक दांडा, एक बटण. खाकी टोपीचा टपालवाला एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारत पत्रं वाटतो, चुकला तर खाली गल्लीत. बस्स. पण त्या टपालवाल्याची पुढची गोष्ट रचण्यात ठिपक्याने बहिणीच्या घराची बाहेरची खोली तीन वर्षं अडवून ठेवली होती. शेवटी बहिणीने सुनावलं होतं, "हे प्रदर्शन शेवटचं. नाही जमलं तर उद्या सकाळी तुझ्या भाऊजींबरोबर टाइल्सच्या दुकानात जायचं. मला त्या खोलीत सोफा ठेवायचाय."

म्हणजे संध्याकाळपर्यंत एक तर टपालवाला, नाही तर टाइल्स.

खोका खाली ठेवून तो उठला आणि मशीनकडे पाहून थबकला. मग त्याने एका कडेवरून बोट फिरवलं. तिथे लाकडात एक लांब ओरखडा होता.

"हे... हे सलूनमधलं मशीन आहे!"

तिची भुवई वर गेली. "आमच्या मामाने एका सलूनमधूनच उचललंय, भंगारात जाता जाता. तुम्हाला कसं ठाऊक?"

"हा ओरखडा कात्रीचा आहे. मी होतो तिथे तेव्हा. माझं बालपण गेलंय या मशीनपुढे."

आणि खरंच गेलं होतं. लहानपणी या मशीनपायी तो त्या सलूनमध्ये इतक्यांदा केस कापायला जायचा की केसांना उगवायला उसंत मिळत नसे. सलूनवाला शेवटी शेवटी कात्री नुसती हवेत वाजवायचा आणि म्हणायचा, "झाले. जा मशीनकडे."

"अजून तसेच कापता वाटतं," त्याच्या डोक्याकडे बघत ती म्हणाली.

"चांगले नाही दिसत?"

"मी कुठे म्हटलं?" असं म्हणून ती पुन्हा मशीनच्या पोटात शिरली. पण बूट आता काही काम नसल्यासारखे हलत होते... हे त्यानेही पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

दारं उघडली. लोक आले. आणि तासाभरातच तक्रारी सुरू झाल्या.

एक टकलू गृहस्थ जुन्या मशीनवर सफाईने सात-आठ छपरं पार करून ठिपक्याच्या खेळाकडे वळले आणि पहिल्याच छपरावरून पडले. पुन्हा पडले. "गडी अडखळतोय हो तुमचा," म्हणाले. मग कॉलेजच्या दोन मुली आल्या. "बटण दाबलं की लगेच उडीच मारत नाही, ईऽऽ!" मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. सगळ्यांची तक्रार एकच. जुन्यात दाबलं की उडी. नव्यात दाबलं की हा बाबा क्षणभर थांबतो. पापणी अर्धी लवेल एवढाच थांबतो, पण थांबतो.

"अहो, जुन्यातही तो थांबतो! ती तर खरी गंमत आहे!" ठिपक्या हसत म्हणाला. "थांबा, दाखवतो."

तो जुन्या मशीनपुढे उभा राहिला. सलूनमधल्यासारखाच हात बसला. छपराचं टोक यायच्या जराशा आधी त्याने बटण दाबलं, लहानपणापासून दाबत आला होता तसंच. टपालवाल्याने ताबडतोब उडी मारली, टोकाच्या अलीकडूनच, आणि धपकन गल्लीत.

त्याने पुन्हा खेळून पाहिलं. धपकन. पुन्हा. धपकन.

ती स्टुलावर बसून डबा उघडत होती. तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय केलंत याला?"

"कुणाला?"

"मशीनला! टपालवाल्याला!"

"दुरुस्त केलं," ती म्हणाली. "बटणाखालचं तांब्याचं पातं वाकलं होतं. बटण दाबलं तरी ते उशिरा टेकायचं, म्हणून उडी उशिरा लागायची. मी सरळ केलं. आता कसं, दाबलं की लागलीच. का, काय झालं?"

तो शेजारच्या स्टुलावर बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

"म्हणजे तो थांबा... खेळात नव्हता?"

"खेळात कशाला असेल? ते बिघडलेलं बटण होतं." बोलता बोलता तिची नजर त्याच्या पडद्याकडे गेली, तिथे टपालवाला एका छपराच्या टोकाशी थांबला होता, आणि तिच्या हातातला घास हातातच राहिला. "अय्यो. तुम्ही बिघाडासकट उचललात की काय?"

जगात जुन्या खेळांवर जीव टाकणारे पुष्कळ आहेत. कुणी त्यातला रंग उचलतो, कुणी आवाज उचलतो. पण वाकलेलं पातं मनापासून जपणारा, त्याच्यावर तीन वर्षं इमारत बांधणारा माणूस एकच. आणि तो आत्ता तिच्या डब्याकडे शून्य नजरेने बघत होता.

"काढून टाका ना तो थांबा," ती म्हणाली. आवाज तिच्याही नकळत मऊ झाला होता. "एक आकडा बदलायचा असेल."

"आकडा एकच आहे. पण सगळी छपरं त्या थांब्यावर मोजून बांधलीत. तो काढला की कबुतरं चुकतात, धुराडी चुकतात, खिडक्यांतले दिवे चुकतात. सगळं गाव पाडून परत बांधावं लागेल. संध्याकाळच्या आत. नाही तर उद्यापासून मी टाइल्सच्या दुकानात."

"मग?"

तो खाली वाकला, आजूबाजूला पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मग... एक करता येईल. ते पातं पुन्हा वाकवता येईल."

तिने हातातला घास परत डब्यात ठेवला.

"थोडंसं. होतं तेवढंच. कर्ते आले की दोन्ही खेळ सारखे वाटतील. कुणाला कळणार नाही —"

"मला कळेल. माझ्या हातून दुरुस्त झालेलं मशीन मी बिघडवायचं? आज तुम्ही गोड बोलाल, उद्या आणखी कुणी. मग मामाच्या दुरुस्तीच्या कारखान्यावरची पाटी उतरवून आपण टाइल्सच विकूया, सगळेच."

"मी गोड बोललो?"

"नाही बोललात," ती फणकारली. "ते आणखी वाईट. निदान आधी गोड तरी बोलायचंत."

कान लाल होण्यात तो सात गावांत पहिला आला असता. तो उठून आपल्या टेबलाकडे गेला. आणि ती, चिडलेली, डबा अर्धाच सोडून त्याच्या मागोमाग.

"सरका. बघू दे तरी, एवढं काय आहे त्या थांब्यात."

ती खेळायला बसली आणि पडली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिने टेबलाला लाथ मारली.

"आधी दाबायचं," तो मागून म्हणाला. "टोक यायच्या आधी. आणि मग विश्वास ठेवायचा की तो मारेल उडी."

"कुणावर विश्वास ठेवायचा? तुमच्या या अडखळ्यावर?"

"हो."

त्याचा हात पुढे आला, तिच्या बोटांवर टेकावा की नाही याचा विचार करत हवेतच राहिला... आणि मग मागे गेला. तिने तो पाहिला. आणि पुढचं बटण तिने आधी दाबलं.

टपालवाला टोकावर आला. थांबला. मान वाकवून खाली पाहिलं. आणि त्या अर्ध्या पापणीत खालच्या गल्लीतली एक खिडकी उजळली. आत एक बाई उभी होती, हात गजांवर, वाट बघत. एवढं दिसलं न दिसलं तोच टपालवाल्याने उडी घेतली. पुढच्या छपराखाली आणखी एक खिडकी, एक म्हातारा. त्याच्या पुढे वेणीचा एक शेपटा आणि त्याखाली उघडं पुस्तक. थांबला नाही तर यातलं काहीच दिसायचं नाही. थांबला की दिसायचं, पत्र कुणासाठी चाललंय ते.

ती खेळत राहिली. चहा आला, गार झाला. मागे रांग लागली, कुणीतरी खाकरलं.

"हे कुठून सुचलं?" पडद्यावरची नजर न हलवता तिने विचारलं.

"मी लहानपणी फार भित्रा होतो," तो म्हणाला. "शाळेच्या जिन्यालासुद्धा घाबरायचो. आणि सलूनमध्ये हा टपालवाला. मला वाटायचं, तोही घाबरतो. टोकावर येऊन थांबतो, आणि तरीही उडी मारतो. मला वाटायचं, हा आपल्यातला आहे. तो थांबतो तेव्हा खाली काय बघत असेल, एवढंच मी ही तीन वर्षं शोधत होतो."

"आणि तो घाबरतच नव्हता."

"नाही. पातं वाकलं होतं."

दोघंही हसले. मग एकदमच दोघांचं हसू विरलं.

हॉलच्या पत्र्यावर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. दुसऱ्या टोकाला टाळ्या वाजल्या. 'चांदणीमार'च्या वारसाला होकार मिळाला होता. म्हणजे कर्ते मंडळी एकेक करून यायला लागली होती.

ती आपल्या मशीनकडे परतली. मागचं दार उघडलं. आत हात घातला. अंगठ्याखाली ते पातं होतं, नखाएवढं, गार. पकडसुद्धा लागली नसती. अंगठ्याने नुसतं दाबलं असतं तरी त्या पोराचा टपालवाला तरला असता... पलीकडे तो टेबलावरची वायर चौथ्यांदा सरळ करत होता. करायला दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून.

"काय चाललंय?" मागे मामा उभा होता. जाडजूड मामा, कानावर पेन्सिल, हातात टेम्पोची किल्ली.

"बघतेय."

मामाने तिच्याकडे पाहिलं. मग पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. मामामंडळींना, आपल्याला वाटतं त्यापेक्षा, फार जास्त कळतं.

"बघून झालं असेल तर झाकण लाव," तो म्हणाला. "आणि नसेल झालं, तर मशीनमध्ये कशाला बघतेस? तिकडे जाऊन बघ की."

"मामा!"

पण तिने हात बाहेर काढला आणि झाकण लावलं. एकेक स्क्रू घट्ट आवळला.

टपालवाल्याचे कर्ते आले. काटकुळे गृहस्थ, जाड भिंगांचा चष्मा, हॉलच्या आतसुद्धा हातात छत्री. आपल्या जुन्या मशीनच्या बटणावर त्यांनी आधी नुसता तळवा ठेवला, नातवाच्या डोक्यावर ठेवावा तसा. मग खेळले. टपालवाला भराभर छपरं ओलांडत गेला.

"वा! नव्यासारखं चालतंय! कुणी केलं?"

मामाने हनुवटीने भाचीकडे दाखवलं.

"हात चांगला आहे," कर्ते म्हणाले. आयुष्यात कुठलीही शाबासकी तिला इतकी टोचली नव्हती.

मग ते नव्या खेळापुढे बसले आणि पडले. चष्मा पुसला. पुन्हा पडले. भोवतीची कुजबुज थांबली. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

"हा थांबतो का?"

ठिपक्या पुढे झाला. "मी... मी ज्या मशीनवर शिकलो, त्यावरही तो थांबायचा. ते हेच मशीन आहे."

"हेच? आत्ता खेळलो मी. नाही थांबत."

"आधी थांबायचा."

कर्ते खुर्चीतच वळले आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "हे तुम्ही उघडलं होतंत ना? मग तुम्हीच सांगा. माझ्या खेळात हा थांबा होता?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. 'हो' म्हणायला काय लागतं? एक श्वास. मशीन इतकं जुनं, आतलं कुणी पाहिलेलं नाही, आणि कर्त्यांचं वय झालेलं. आठवत नसेल, असं म्हणून निभावलं असतं. तिने ठिपक्याकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनी विनवलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. पण तो विनवत नव्हता. तो नुसता तिच्याकडे बघत होता, ती जे म्हणेल ते घ्यायला तयार असल्यासारखा... आणि हेच तिला सोसवेना.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या खेळात नव्हता. बटणाखालचं पातं वाकलं होतं. उशीर मशीनचा होता."

"नव्हताच!" कर्त्यांनी छत्री जमिनीवर आपटली. "तो उशीर काढायला मी अख्खा हिवाळा घातलाय, बाई! बटण आणि उडी यांच्यात केसाएवढी फट राहू नये म्हणून! बायको माहेरी निघून गेली ते मला चार दिवसांनी कळलं. आणि तू —" ते ठिपक्याकडे वळले, "तू तो हुडकून काढून परत आत घातलास?"

कुणीतरी हसलं. ठिपक्याने मान खाली घातली.

"माझा टपालवाला घाबरत नाही. हा माझा वारस नव्हे," कर्ते म्हणाले, आणि उठून गेले.

झालं. एवढ्यात झालं. तीन वर्षांची खोली, सगळी छपरं, सगळ्या खिडक्या.

लोक पांगले. मामा टेम्पो दाराशी लावायला गेला. ठिपक्या कोपर आणि अंगठ्यामध्ये वायर गुंडाळत उभा होता. पुन्हा पुन्हा तीच वायर. ती येऊन समोर उभी राहिली.

"बोला ना काहीतरी."

"काय बोलू? खरंच होतं ते."

"मग शिव्या द्या."

"टाइल्सच्या दुकानात जातोय ना उद्यापासून. तिथे शिकतो, मग देतो."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. एका चेहऱ्यावर दोन्ही मावेनात, म्हणून ती वळून मशीनला टेकली.

"खोटं बोलले असते तर जिंकला असतास," ती म्हणाली. तुम्हीचं तू झालं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं. वायर हातातच राहिली.

"हो. जिंकलो असतो."

"पण मग मला तुझ्याकडे बघता आलं नसतं. कधीच."

"बघायचं होतं?"

"सकाळपासून दुसरं काय करतेय मी?" ती एकदम उसळली. "एवढ्या छपरांवरून खाली वाकून वाकून लोकांच्या खिडक्यांत बघतोस, आणि समोरच्या माणसाचं दिसत नाही तुला?"

तो उत्तर देणार होता. खरंच देणार होता, ओठ उघडलेही होते —

"बंद केलंत का?"

दारात कर्ते उभे होते. छत्री गळत होती, चष्म्यावर थेंब.

"हो," ठिपक्या म्हणाला.

"मग चालू करा."

खोका उघडला, वायरी पुन्हा जोडल्या. कर्ते ओल्या कोटानेच बसले. पडले. पडले. मग त्यांचं बोट हळूहळू आधी पडायला लागलं. टपालवाला टोकावर थांबला, खाली पाहिलं, उडाला.

"खिडकीतली ती बाई कोण?"

"वाट बघणारी."

"कुणाची?"

"पत्र पोचवल्यावर कळतं."

"हं," कर्ते म्हणाले, आणि पुढे कितीतरी वेळ नुसता बटणाचा आवाज येत राहिला. हॉलवाल्याने एका बाजूचे दिवे घालवले. ती आणि ठिपक्या कर्त्यांच्या खुर्चीमागे शेजारी शेजारी उभे होते, श्वास रोखून, शाळेतल्या मास्तरांनी वर्गाबाहेर काढल्यासारखे. कधी तरी तिची करंगळी त्याच्या करंगळीला लागली. या वेळी हात मागे गेला नाही.

कर्त्यांनी पत्र पोचवलं. खिडकीत काय घडलं ते त्यांनी पाहिलं. उठले तेव्हा चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

"माझं मत बदललेलं नाही," ते म्हणाले. "हा माझा टपालवाला नव्हे. त्याची टोपी काढ, पिशवी काढ, माझ्या खेळाचं नाव काढून टाक. माझा गडी असा थांबत नाही. हा दुसराच कुणीतरी आहे, आणि तू उगाच त्याला माझ्या गड्याचं सोंग घालून उभा केलायस. त्याला त्याचा स्वतःचा चेहरा दे. मग घेऊन ये माझ्याकडे. वारस म्हणून नको. मला पुढची खिडकी बघायचीय." आणि दाराशी गेल्यावर वळून, जरा चिडूनच, "तो थांबा मात्र काढू नकोस!"

ठिपक्या पडद्यावरच्या खाकी टोपीकडे बघत होता.

"नवा चेहरा द्यायचा म्हणजे पुन्हा बसावं लागेल," तो शेवटी म्हणाला. "महिने जातील. आणि बहिणीच्या खोलीत तर उद्या सोफा येतोय."

"मामाच्या कारखान्यात मागे एक कोपरा आहे," ती म्हणाली. "अंधारा आहे. दिवसभर कथील वितळवून तारांना डाग लावतात, त्याचा वास येतो. मामा गातो आणि ते भयंकर असतं. आणि मी असते."

"तू असतेस?"

"रोज. सुट्टीलासुद्धा."

"मला डागाचा वास फार आवडतो," तो म्हणाला. "आजपासून." मग जरा थांबून, पडत्या आवाजात, "आणि तू. तू सकाळपासून. बुटांपासून."

तिने केसांतला स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या वरच्या खिशात खोचला आणि त्याचा हात धरून म्हणाली, "चल. मशीन उचलायला एक माणूस कमी आहे."

बाहेर मामा ताडपत्री धरून ओरडत होता. मशीन चढलं, खोका चढला. ठिपक्या दाराशी घुटमळला.

"पुढे दोघांचीच जागा आहे," मामा म्हणाला. "एक मी. दुसरं कोण ते ठरवा."

"पुढे तुझी हत्यारांची पेटी ठेव," भाची म्हणाली. "आम्ही मागे बसतो. वळणावर मशीन धरायला दोघं लागतात."

"आजवर कधी लागले नाहीत ते."

"आजवर तू इतका हळू कुठे चालवलास?"

"मी कुठे हळू —" मामा म्हणता म्हणता थांबला. त्याने भाचीकडे पाहिलं, त्या पोराकडे पाहिलं, पेन्सिल एका कानावरून दुसऱ्या कानावर नेली. "हां. हळू चालवतो. पाऊस आहे."

आणि मामाने तो टेम्पो असा हाकला की वाटेत सायकली पुढे गेल्या, हातगाड्या पुढे गेल्या, आणि गळ्याशप्पथ सांगतो, दुसऱ्या वळणावर एक गोगलगाय बाजूने गेली आणि तिने वळून पाहिलं. मागे ताडपत्रीखाली दोघांनी मशीन घट्ट धरून ठेवलं होतं. निदान मामाने विचारल्यावर दोघांनी तसंच सांगितलं.